गारपीट : दोष केवळ आभाळाचा?

फाल्गुन उजाडला की वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. ओंजळीत लिंबाएवढ्या गारा घेतलेला कास्तकार, मागे आडवा झालेला गहू आणि खाली चार ओळींची बातमी. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांचे दौरे निघतात, तिसऱ्या दिवशी पंचनाम्याचे आदेश सुटतात आणि आठवडाभरात आपण सारे ते विसरून जातो. विसरण्यासाठी आपल्याजवळ एक सोयीचा शब्दही आहे : अस्मानी संकट. एकदा अस्मानी म्हटले, की मग माणसाकडे काही जबाबदारी उरतच नाही. सुलतानी असते तर जाब विचारता आला असता. आभाळाला जाब कोण विचारणार?

विद्यार्थिमित्रहो, मला या शब्दाशीच थोडे भांडायचे आहे. गार आभाळातून पडते हे खरे. पण ती पडण्यापूर्वी कास्तकाराला काय सांगितले जाते, कोणत्या भाषेत सांगितले जाते, ती पडल्याची नोंद कोण ठेवतो आणि झालेले नुकसान कोणाच्या अंगावर टाकले जाते, या चारही गोष्टी आभाळातून पडत नाहीत. त्या माणसांनी ठरविलेल्या असतात, आणि म्हणून त्या बदलता येतात. शेतीचा विषय कृषी महाविद्यालयाच्या अंकात शोभतो, कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात तो कशाला, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचा निम्मा भाग आपल्याच अंगणातला आहे, असे मला वाटते. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम गार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते आणि त्यातून उंच, काळाभोर ढग तयार होतो. या ढगाच्या वरच्या भागात तपमान शून्याच्या खाली असूनही पाण्याचे पुष्कळसे थेंब गोठलेले नसतात. अशा अतिशीत थेंबांत बर्फाचा एखादा कण सापडला, की ते थेंब त्याला चिकटून तत्काळ गोठतात. वर जाणारा झोत जोरदार असला तर तो या कणाला खाली पडू देत नाही. कण ढगातच तोलला जातो आणि थरावर थर चढून वाढत राहतो. म्हणूनच मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात. शेवटी झोताला तिचे वजन पेलवेनासे होते आणि ती खाली येते. अडीच ते साडेचार सेंटिमीटर व्यासाची गार साधारणतः ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. सोबत सोसाट्याचा वारा असला तर ती तिरपी येते आणि मग ओंबी, घाटे, फांदी, कौल यांपैकी काहीच तिच्या तावडीतून सुटत नाही.

आता हे सारे आपल्याकडे नेमके माघ-फाल्गुनातच का घडते? या महिन्यांत उत्तरेकडून सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे वरच्या थरांत थंड हवा येते. त्याच वेळी खालच्या थरांत समुद्रावरून दमट वारे मध्य भारतात शिरतात. खाली ऊन आणि ओल, वर गारठा, अशी ही जोडी जमली की ढग भराभर उंच होतात. भर उन्हाळ्यात शून्य अंशाची पातळी आणखी वर सरकते आणि बारीक गारा जमिनीवर पोचेपर्यंत वितळून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली असते, म्हणून त्या न वितळता खाली येतात.

आणि दुर्दैव असे, की वऱ्हाडच्या वावरात याच वेळी सर्वांत अधिक काही उभे असते. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतल्या ओलीवर वाढविलेला हरभरा घाट्यांवर येऊन सोंगणीला टेकलेला असतो. गहू पिवळा पडू लागलेला असतो. वरूड-मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या भागांत संत्र्याच्या बागांची अवस्था तर दुहेरी नाजूक असते. मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहार फुलोऱ्यावर किंवा बारीक फळांवर असतो. म्हणजे एकच गारपीट चालू वर्षाची फळे पाडते आणि पुढच्या हंगामाचा बहारही झोडपून जाते. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत पानाला एक छिद्र पडले तरी त्याचा भाव गेला. केळीची पाने चिरली की झाडाची भूकच भागत नाही. पावसाळ्यातला पूर किंवा दुष्काळ पीक वाढत असताना येतो; गारपीट पीक हाताशी आल्यावर येते. बियाणे, खत, मजुरी, ओलिताची वीज, सारा खर्च होऊन गेलेला असतो. राहिलेली असते ती फक्त आमदनी, आणि नेमकी तीच जाते.

हे काही क्वचित घडणारे नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना तडाखा दिला आणि लाखो हेक्टरवरचे रब्बी पीक व फळबागा उद्ध्वस्त झाल्या. २०१८ साली ११ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि शेजारचा मराठवाडा झोडपून निघाला. माणसांचे प्राणही गारपिटीने घेतले आहेत. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली, आणि जागतिक हवामान संघटनेने सर्वाधिक मनुष्यहानीची गारपीट म्हणून तीच नोंदली आहे. हा विक्रम आपल्या देशाच्या नावावर आहे. तो मिरवण्यासारखा नाही, पण विसरण्यासारखाही नाही.

मग ही गारपीट आधी कळू शकते काय?

भविष्य जाणून घेण्याची ओढ आपल्या मातीत जुनी आहे. सहदेव-भाडळीचे ठोकताळे आजही वृद्धांच्या तोंडी आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत ऐकायला दूरदूरची माणसे जमतात. या भाकितांना शास्त्राचा आधार नाही, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. पण तेवढे म्हणून हसून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. घटाभोवती जमणारी माणसे भोळी आहेत म्हणून येत नाहीत. तिथे त्यांच्या पिकांची नावे घेतली जातात, त्यांच्या बोलीत बोलले जाते आणि समोरासमोर सांगितले जाते. शास्त्राने हे तिन्ही गुण उचलले असते, तर त्याचे काही बिघडले असते काय?

शास्त्राजवळ आज काय आहे, तेही पाहू. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. चार-पाच दिवस आधी तो एवढे सांगू शकतो, की विदर्भात अमुक दिवशी गारांना पोषक स्थिती राहील. हा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण कोणते गाव, हे त्याला त्या वेळी सांगता येत नाही आणि जगातल्या कोणत्याही देशाला ते सांगता येत नाही, कारण ज्या ढगातून गार पडणार तो ढग तेव्हा जन्मलेलाच नसतो. ढग तयार झाल्यावर रडार त्याला पाहते आणि मग दोन-तीन तासांसाठीचा तात्काळ इशारा निघतो. म्हणजे आपल्याला दोन वेगळ्या घड्याळांवर काम करायचे आहे : एक चार दिवसांचे आणि एक दोन तासांचे. सोंगलेला हरभरा गोळा करणे, पिकलेली फळे तोडून घेणे, ओलीत थांबविणे ही पहिल्या घड्याळाची कामे. ताडपत्री ओढणे, ढोरे गोठ्यात घेणे आणि स्वतः पक्क्या छताखाली जाणे ही दुसऱ्याची.

रडारलाही मर्यादा आहे, आणि ती भूमितीची आहे. नागपूरच्या रडारपासून सरळ रेषेत अमरावती सुमारे १४० आणि अकोला सुमारे २२० किलोमीटर दूर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे आडव्या दिशेने सोडलेला किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो. हिशेब केला तर सर्वांत खालचा किरणही अमरावतीवर अडीच किलोमीटरच्या आसपास आणि अकोल्यावर जवळजवळ पाच किलोमीटर उंचावरून जातो. ढगाचे पोट त्याला दिसते. पण खाली जमिनीवर गार पोचली की वाटेत वितळली, ती बोराएवढी होती की आवळ्याएवढी, हे त्याला दिसत नाही. राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांवर पाऊस, तपमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. गार मात्र मोजली जात नाही. गारपिटीने आपले एवढे नुकसान होते आणि गारपीट मोजणारे साधन गावात एकही नसते!

शिवाय असलेली व्यवस्थाही आपण धड टिकवीत नाही. २०१८ नंतर देशात कृषी विज्ञान केंद्रांमधून जिल्हा पातळीवरची १९९ कृषी हवामान केंद्रे सुरू झाली होती. तालुक्याच्या पातळीवर, तिथल्या पिकांना धरून सल्ला द्यावा, हा त्यांचा हेतू. २०२४ च्या आरंभी ती बंद करण्याचा आदेश निघाला. मोबाइलवर ‘मेघदूत’ आहे, विजांसाठी ‘दामिनी’ आहे, मग माणसे कशाला, असा विचार यामागे असेल तर तो मला पटत नाही. यंत्र अंदाज पोचवील; पण “आज ओलीत करू की नको?” या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसच लागतो.

आता आपल्या अंगणातला प्रश्न. हवामानाच्या इशाऱ्यांत साधारणतः अशा धर्तीचे वाक्य असते : विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जना व सोसाट्याच्या वाऱ्यासह गारपिटीची शक्यता. यातल्या ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना हवामानशास्त्रात पक्का अर्थ आहे : प्रदेशातल्या केंद्रांपैकी एक चतुर्थांशापर्यंत. त्यापुढे ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ अशा पायऱ्या चढत जातात. पण कास्तकार हे शब्द बोलीतल्या अर्थाने वाचतो. तुरळक म्हणजे किरकोळ, म्हणजे आपल्याला काही धोका नाही, असे तो समजतो. वास्तविक गारपीट नेहमी तुरळकच असते. आणि जिथे होते तिथे ती मुळीच किरकोळ नसते. शास्त्रज्ञ खरे तेच सांगतो आणि ऐकणारा उलटेच समजतो. हा दोष शास्त्राचाही नाही आणि कास्तकाराचाही नाही. तो भाषांतराचा आहे, आणि भाषा हा आपला विषय आहे.

हाच इशारा असा सांगता येणार नाही काय : “उद्या दुपारून आपल्या इकडे कुठीतरी गारा पडतीन. कोन्त्या गावात, थे आज सांगता येत नाही. सोंगलेला हरबरा आजच झाकून घ्या. ढोरं बाहीर बांधू नोका. झाडाखाली न् टिनाखाली थांबू नोका.” यात अनिश्चितता लपविलेली नाही, उलट ती आधीच सांगून टाकली आहे. दहा वेळा इशारा आला आणि आपल्या गावात गार पडली नाही, तर अकराव्या वेळी लोक ‘लांडगा आला’ म्हणून दुर्लक्ष करतात. पण “कुठीतरी पडतीन, आपल्याच गावात पडतीन असं नाही” हे पहिल्याच दिवशी सांगितले असेल, तर गार न पडणे म्हणजे अंदाज चुकणे नव्हे, हे गावाला कळते. झाडाखाली आणि टिनाखाली थांबू नका, हे तर पुन्हा पुन्हा सांगायला हवे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळी पावसात मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर मोठे कडुलिंबाचे झाड कोसळले आणि आसऱ्याला उभ्या असलेल्यांपैकी सात जण मृत्युमुखी पडले. ज्याला आपण आसरा समजतो तोच घात करतो, हे त्या दिवशी दिसले.

बरे, गार पडूच नये अशी काही युक्ती आहे काय? हा मोह फार जुना आहे. १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट स्टिगर नावाच्या द्राक्षबागायतदाराने रेल्वे इंजिनाच्या धुराड्यासारखी नरसाळी बसवून गारांच्या ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. पहिली एक-दोन वर्षे योगायोगाने गारपीट कमी झाली आणि मग युरोपभर लाटच उसळली. एकट्या इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या, परिषदा भरल्या. पुढे १९०३-०४ च्या सुमारास सरकारी देखरेखीखाली रीतसर प्रयोग झाले. तोफा धडधडत असतानाच त्या वावरांवर गारा पडल्या आणि तो खेळ संपला. त्यानंतर रासायनिक फवारणी आली. ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडले की बर्फाचे कण संख्येने वाढतील आणि प्रत्येक गार लहान राहील, असा तर्क होता. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९७२ ते १९७४ आणि स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ असे मोठे, शिस्तबद्ध प्रयोग झाले. दोन्हींत गारपीट कमी झाल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. तरीही हिमाचल प्रदेशात २०१० साली सफरचंदांसाठी परदेशी गारतोफा आणल्या गेल्या, आणि पुढे देशी तोफेचेही प्रयोग झाले.

स्टिगरला कोणी फसवा म्हणू नये. गारपीट लहरी असते, एका वर्षी येते आणि दोन वर्षे येत नाही. त्यामुळे त्या दोन वर्षांत जे काही केले असेल त्यालाच गुण आला असे वाटते. मग ती तोफ असो, नवस असो की फवारणी. वऱ्हाडातही उद्या कोणी अशी तोफ विकायला आला, तर “किती वर्षे, किती ठिकाणी आणि तोफेशिवायच्या वावरांशी ताडून पाहिले का?” हे तीन प्रश्न विचारल्यावाचून एक पैसाही सोडू नये.

खात्रीने गार अडविते ती जाळी. हिमाचलात सफरचंदांवर गारविरोधी जाळ्या ताणतात, आणि त्यांसाठी तिथले सरकार अनुदान देते. नाशिककडे द्राक्षबागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात, त्याचा खर्च एकरी चार-पाच लाखांच्या घरात जातो. रोपवाटिका, पानमळा, मोजकी झाडे असलेली बाग यांना जाळी परवडू शकेल. पाच एकर हरभऱ्यावर जाळी ताणा असे सांगणे मात्र थट्टा होईल. त्याच्यासाठी उपाय साधे आहेत : लवकर येणारे वाण, वेळेवर सोंगणी, गंजी घालायला उंच जागा आणि गावात सामाईक ताडपत्र्या. गार पडून गेल्यावरही काही करता येते. वावरातले पाणी काढून द्यावे, पडलेली फळे वेचून नष्ट करावी, मोडक्या फांद्या छाटाव्या, संत्र्याच्या खोडावरच्या जखमांना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी आणि झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे, म्हणजे जखमांतून बुरशी शिरत नाही. हे ज्ञान आपल्या शेजारी, १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात उपलब्ध आहे. ते त्या चोवीस तासांत बांधावर पोचते का, हाच प्रश्न आहे.

सर्वांत कळीची गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, आणि ती म्हणजे नुकसान कोणी सोसायचे. सरकारी मदतीसाठी पूर्वी पन्नास टक्के नुकसान व्हावे लागे. २०१५ साली ती अट ३३ टक्क्यांवर आली. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. तीत गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ मानली होती. कास्तकाराने ७२ तासांत कळवायचे आणि त्याच्या एकट्याच्या वावराचे नुकसान पाहून भरपाई ठरायची. या ७२ तासांवर, न लागणाऱ्या फोनवर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. पण तत्त्व बरोबर होते : गार ज्याच्या वावरात पडली, त्याचे वावर पाहायचे. २०२३ साली महाराष्ट्राने एक रुपयात विमा आणला. त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाल्याच्या तक्रारी आल्या. मग २०२५ च्या खरिपापासून राज्याने योजना बदलली. खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का हप्ता पुन्हा आला आणि स्थानिक आपत्तीचे कलमच वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवण्यात आली.

याचा अर्थ साध्या अंकगणिताने पाहा. समजा, एका महसूल मंडळात सारख्या क्षेत्राची वीस गावे आहेत. त्यांतल्या दोन गावांत गारांनी ८० टक्के हरभरा गेला आणि अठरा गावांत पीक ठीक आहे. मंडळाची सरासरी घट किती? आठ टक्के. विम्याच्या उंबरठ्यापर्यंत ती पोचतच नाही. म्हणजे दोन गावे बुडाली आणि कागदावर काही घडलेच नाही! दुष्काळ साऱ्या मंडळावर सारखा पडतो, तिथे सरासरी चालेल. गारपिटीचा स्वभावच पट्ट्यापट्ट्याने पडण्याचा. रस्त्याच्या या बाजूचे वावर जाते आणि त्या बाजूचे राहते. तिला सरासरीने मोजणे म्हणजे एकाचा ताप सर्वांत वाटून कोणालाच ताप नाही असे म्हणण्यासारखे आहे. फळपिकांच्या हवामान-आधारित विम्यात गारपिटीचे संरक्षण मिळते, पण त्यासाठी वेगळा जादा हप्ता भरावा लागतो.

शासनाची अडचण मला समजते. खोटे दावे थांबविलेच पाहिजेत. तो पैसा सर्वांचा आहे. पण खोटे दावे थांबविण्याचा मार्ग म्हणजे गारपीट मोजणे, ती यादीतून खोडणे नव्हे. नोंदच नसेल तर खऱ्या आणि खोट्यात फरक करणार कसा? आणि नोंद नसण्याचा तोटा लबाडाला होत नाही, तो दुसरी वाट शोधतो. तोटा होतो तो खऱ्याला.

इथे आपल्यासारख्यांचे काम सुरू होते. गार मोजण्याचे साधन हास्यास्पद वाटावे इतके स्वस्त आहे. सुमारे एक फूट लांब-रुंद थर्माकोलचा जाड तुकडा घ्यावा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद ताणून लावावा आणि उघड्या जागी खांबावर आडवा बसवावा. गारा पडल्या की त्यावर खळगे उमटतात. खळगे मोजले की किती गारा पडल्या ते कळते, खळग्यांची रुंदी मोजली की त्या केवढ्या होत्या ते कळते. फ्रान्समध्ये अशा गारफलकांचे मोठे जाळे आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९९८ पासून सामान्य नागरिक, शिक्षक, विद्यार्थी असे फलक लावून पाऊस व गारांच्या नोंदी करीत आले आहेत, आणि हवामानशास्त्रज्ञ त्या वापरतात. जे रडारला अकोल्यावर पाच किलोमीटर उंचीवरून दिसत नाही, ते या एक फुटाच्या तुकड्याला दिसते.

राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ सालचीच. तिचे पथक आपल्या महाविद्यालयात आहे, दत्तक गाव आहे, हिवाळी शिबिर आहे. शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो, ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला माझी सूचना अशी आहे. जानेवारी संपण्यापूर्वी दत्तक गावात व आसपासच्या नऊ-दहा गावांत, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात एकेक फलक लावावा. गार पडली की तारीख, वेळ, गाव, नोंद करणाऱ्याची सही आणि मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र एवढे एका वहीत नोंदवावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी त्याचा नकाशा करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून मागच्या गारपिटींची यादी लावावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोंदी आणि मिळालेली मदत ताडून पाहावी. आणि आम्ही मराठीवाल्यांनी इशारे बोलीत आणून गावातल्या भोंग्यावरून सांगण्याजोगे करावेत.

हा उत्साह दोन महिन्यांत ओसरेल, अशी शंका आमच्या प्राध्यापकांना येईल आणि ती रास्त आहे. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात. म्हणून ती वही कोणा एका तुकडीची असू नये. ती ग्रंथालयात, इतर नोंदवह्यांसारखी क्रमांक घालून ठेवावी आणि दरवर्षी एका प्राध्यापकाकडे तिची जबाबदारी असावी. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज कोणतीही विमा कंपनी आपली वही पाहून भरपाई देणार नाही. पण दहा वर्षांनी कोणत्या गावांवर गार पुन्हा पुन्हा येते हे सांगणारा कागद जिल्ह्यात कोणाजवळ तरी असेल. कलम पुन्हा घाला अशी मागणी करायला जाणाऱ्या कास्तकाराच्या हातात रिकामी ओंजळ नसेल, तारीखवार आकडे असतील.

१९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये उभी केली. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या कास्तकारांच्याच घरचे आहेत. वसतिगृहाची फी हरभरा विकल्यावर येते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शिकलेली मुले घरी परत काय नेतात, एवढाच प्रश्न आहे. फलकाला लागणारा थर्माकोल, कागद आणि खांब यांचा खर्च स्नेहसंमेलनाच्या एका कमानीइतकाही नाही. प्राचार्यांनी आणि सेवा योजनेच्या कार्यक्रमाधिकाऱ्यांनी याचा विचार येत्या शिबिराच्या आखणीतच करावा, अशी माझी विनंती आहे. कारण गारा फेब्रुवारीत येतात, आणि आपल्या बैठका बहुधा मार्चमध्ये भरतात.